गोठा, घुमट आणि पुराण : वसई ते रायतूर

शुक्रवार : वसई

नाताळच्या दुसऱ्या दिवशी वसईत पोहोचावे, असा सल्ला पापडीला राहणाऱ्या मैत्रिणीने दिला होता. प्रत्यक्ष नाताळला घरोघरी पाहुण्यांची वर्दळ आणि जेवणावळी असतात. गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे, पाहायला लोक खऱ्या अर्थाने बाहेर पडतात ते त्यानंतरच्या संध्याकाळी. ख्रिस्ती धर्मग्रामे, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे समाज, आपल्या बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांशी कलेच्या आधारे कसा संबंध ठेवतात, हे पाहण्यासाठी मी निघाले होते, आणि त्यासाठी वसईच्या गोठ्यांइतकी सोयीची सुरुवात महाराष्ट्रात दुसरी नाही.

गोठ्याची प्रथा मूळची इटलीतली. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्यो या डोंगराळ गावात खरा बैल, खरे गाढव आणि पेंढ्याने भरलेली गव्हाण मांडून येशूजन्माचा प्रसंग उभा केला आणि गावकऱ्यांना मशाली घेऊन तिथे बोलावले. पुढे जगभर त्याला मूर्तींचे रूप आले. वसईत आल्यावर मात्र या गोठ्याने एक वळण घेतले, आणि ते वळण सार्वजनिक गणेशोत्सवाच्या देखाव्यांकडून आले असावे, असे माझे मत पहिल्याच संध्याकाळी झाले. माती, पेंढा, मेंढपाळ आणि तीन राजे हे सारे असतेच. पण त्यांच्या भोवती वर्षभरातला एखादा सार्वजनिक प्रश्न मांडलेला असतो. शेजारी मराठीत फलक असतो, अनेकदा ध्वनिफितीवर निवेदनही असते. मंडळाच्या गणपतीसमोर उभे राहून देखावा पाहण्याची सवय असलेल्या कोणालाही इथे काय करायचे ते सांगावे लागत नाही.

निर्मळच्या बाजूला एका वाडीत पाहिलेला गोठा अजून डोळ्यांसमोर आहे. डाव्या अंगाला केळीची बाग होती आणि तीतली केळीची रोपे खरी होती, कुंड्यांसकट जमिनीत पुरलेली. उजव्या अंगाला खोक्यांच्या पुठ्ठ्यांचे उंच मनोरे होते, त्यांच्या खिडक्या ब्लेडने कापून आत दिवे सोडले होते, आणि त्यांच्या पायथ्याशी खेळण्यातल्या टँकरांची रांग लावली होती. मधोमध एक बावखल होते, अर्धे राडारोड्याने बुजवलेले. आणि उरलेल्या अर्ध्या भागाच्या काठाशी, जिथे थोडे पाणी शिल्लक होते, तिथे गव्हाण ठेवली होती. वसईतली बावखले म्हणजे वाड्यांना आणि विहिरींना पाणी पुरवणारी जुनी तळी. ती बुजवून इमारती उभ्या राहिल्या हे सांगण्यासाठी गोठा करणाऱ्या मुलांना फलकाचीही गरज नव्हती. आमच्या पुढे रांगेत उभे असलेले कुटुंब अशाच एका मनोऱ्यातून आलेले होते. त्यांच्या लहान मुलीने टँकर ओळखला आणि मोठ्याने म्हणाली, "हा आपल्याकडे येतो तोच!" वडील कसनुसे हसले, पण हलले नाहीत, निवेदन संपेपर्यंत ते तिथेच उभे होते.

हा विषय इथे अचानक उगवलेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी जो लढा झाला, त्यात ख्रिस्ती, वाडवळ, आगरी असे सगळेच उतरले होते. उस्मानाबादला २०२० साली भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. वसईला मात्र ते पाणी आणि झाडे यांसाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू म्हणून अधिक ओळखीचे होते. त्या लढ्याची भाषा आज गोठ्यांच्या फलकांवर जशीच्या तशी दिसते.

शनिवार : वसई, वाड्यांमधून

दिवसाउजेडी गोठा पाहणे म्हणजे नाटक संपल्यावर रंगमंचामागे जाण्यासारखे असते, आणि मला रस त्यातच होता. मैत्रिणीचे सासरे सकाळी मला नंदाखालच्या अलीकडच्या एका आळीत घेऊन गेले. वयाने सत्तरीच्या पुढचे, घरी सामवेदी ही वसईची बोली बोलणारे आणि माझ्याशी शुद्ध शालेय मराठीत बोलणारे काका, वाटेत प्रत्येक वाडीचा मालक आणि प्रत्येक वाडीचे पीक सांगत होते.

आळीतल्या गोठ्याचे डोंगर कसे झाले ते मी जवळून पाहिले. आधी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर सुतळीने बांधलेले गोणपाट, आणि त्या गोणपाटावर सिमेंटच्या पातळ राडीचा हात. ती वाळली की तिच्या सुरकुत्या कड्याकपारींसारख्या दिसतात आणि मग फक्त रंगाचा फवारा मारायचा. डोंगरउतारावरचे गवत खरे होते. नाताळच्या दोनेक आठवडे आधी पसरट ट्रेमध्ये माती घालून नाचणी आणि गहू दाट पेरतात, ट्रे अर्धवट सावलीत ठेवतात, आणि कोंब बोटभर वाढले की ते गोठ्यात मांडतात. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, त्यानंतर पुठ्ठा आणि गोणपाट यांना पुन्हा दिवस आले, असे तिथल्या मुलांनी सांगितले.

त्या मुलांमध्ये सगळेच ख्रिस्ती नव्हते, आणि माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रवासातली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच होती. विजेची जोडणी करणारा आणि मोटारीवर फिरणारी पवनचक्की बसवणारा मुलगा जवळच्या गणेश मंडळाचा कार्यकर्ता होता. भाद्रपदात त्यांच्या मखराचे रंगकाम या आळीतला एक ख्रिस्ती मुलगा करतो आणि डिसेंबरात हा वीजवाला मुलगा इकडे येतो. या देवघेवीबद्दल त्यांना काही विशेष वाटत असल्याचे जाणवले नाही. मी दोनदा विचारल्यावर वीजवाल्या मुलाने जरा वैतागूनच सांगितले की त्याच्याकडे ड्रिल मशीन आहे आणि यांच्याकडे नाही.

गोठ्यांच्या स्पर्धांविषयी मात्र माझे मत फारसे अनुकूल झाले नाही. बक्षिसामुळे उत्साह वाढतो हे खरे, पण परीक्षकांना आवडेल असा विषय शोधण्याची घाईही वाढते. काही ठिकाणी पर्यावरण, मोबाइलचे व्यसन आणि वृद्धांची उपेक्षा हे तिन्ही विषय एकाच गोठ्यात कोंबलेले दिसले आणि बाळ येशू कुठे ठेवला आहे ते शोधावे लागले. एका ठिकाणी तर प्रवेशद्वारावर नगरसेवकपदाच्या इच्छुकांचे शुभेच्छाफलक गोठ्यापेक्षा मोठे होते. हेही बहुधा गणेशोत्सवाकडूनच आले.

दुपारी काकांच्या घरी जेवण झाले आणि निघताना सुकेळ्यांची (वाळवलेल्या केळ्यांची) पुडी हातात पडली. रात्री वसई रोडहून कोकण रेल्वेची गाडी पकडली.

रविवार : शिवोली

सकाळी थिवी स्थानकावर उतरून शिवोलीला पोहोचले. शापोरा नदीच्या काठचे हे गाव बार्देश तालुक्यात आहे आणि २४ जूनच्या सांजांव (संत जॉनच्या) सणातल्या होड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मी आले होते ते हिवाळ्यातल्या जागरासाठी, म्हणजे रात्री चालणाऱ्या सोंगांच्या लोकनाट्यासाठी. हा जागर नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी होतो.

रविवार त्यामुळे मोकळाच होता. गावातल्या एका कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, संध्याकाळची कोंकणी मिस्सा (उपासना) ऐकली. गायकवृंदात व्हायोलिन होते आणि त्याच्या शेजारी घुमट होते. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे मडके. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचे आणि डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकत-उघडत राहायचे, म्हणजे आवाज खोल जातो किंवा वर येतो. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदेशीर ठरले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. चतुर्थीला हिंदू घरांत घुमट आरती ज्या वाद्यावर होते, त्याच वाद्यावर ख्रिस्ती घरांत मांडो हा कोंकणी गीतप्रकार गायला जातो, आणि ते घडवणारा कुंभार दोघांचा एकच असतो.

आज हे सहज वाटते, पण १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानाने नवख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नातली देशी वाद्ये, विड्याची देवघेव आणि दारातली तुळस यांच्यासह कितीतरी गोष्टींवर बंदी घातली होती. चर्चने आपल्या लोकांना शेजाऱ्यांपासून तोडण्यासाठी ज्या वाद्यांना दाराबाहेर काढले, त्याच जातीचे एक वाद्य कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे, शेजाऱ्यांशी जोडून घेण्यासाठी वेदीजवळ मानाने आले. या दोन टोकांमधली सव्वादोनशे वर्षे ते वाद्य कोणी जपले, हा प्रश्न मिस्साभर माझ्या मनात होता, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या रात्री मिळाले.

गावात फिरताना घरांवर कामट्यांची आणि कागदाची नक्षत्रे टांगलेली दिसली. दिवाळीतला आकाशकंदील आणि नाताळातले नक्षत्र यांचा सांगाडा बांधणारे हात अनेक घरांत तेच असतात, आणि शिवोलीत एका हिंदू घरावर मला दोन्ही शेजारी-शेजारी लटकलेले दिसले.

सोमवार : गुडें, शिवोली

जागर हा चर्चचा कार्यक्रम नाही, ही गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. गुडें या वाड्यावरचा जागऱ्यो हा गावाचा राखणदार समजला जातो. खाजन शेतीच्या बांधाचे तो रक्षण करतो अशी श्रद्धा आहे. नदीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला हा बांध फुटला तर शेत कोणाचे आहे ते पाणी विचारत नाही, आणि म्हणून त्याच्या राखणदारापुढे हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही येतात. दुपारपासून त्याच्या घुमटीपुढे, म्हणजे छोट्या देवळीपुढे, रांग होती. कोणी तेल आणि फुले आणली होती, कोणी मेणबत्त्यांचे पुडे. मेणबत्त्या इतक्या झाल्या होत्या की वितळलेल्या मेणाचा थर खरवडून काढण्यासाठी एक तरुण पत्र्याचा तुकडा घेऊन सतत बसलेला होता, आणि मध्येच एखादी म्हातारी त्याला ओरडत होती की तिची मेणबत्ती अजून संपलेली नाही.

रात्री मशालींच्या उजेडात वाजतगाजत लोक मांडाकडे, म्हणजे जागराच्या जागेकडे, आले. आरंभीच्या नमनात देवादिकांबरोबर ख्रिस्ती पवित्र नावेही आली, आणि त्यानंतर सोंगे सुरू झाली. भूमिका घराण्यांकडे चालत आलेल्या असतात. बापाकडून मुलाकडे सोंग जाते, तसे पाठांतरही जाते. संवाद जुन्या वळणाचे, अर्धे गाण्यात, अर्धे बोलण्यात. मला सगळे कळले असे म्हणणार नाही. एका सोंगाने गावातल्या कारभाऱ्यांची जी टर उडवली, तिच्यावर माझ्या शेजारी बसलेल्या आंटी इतक्या हसल्या की त्यांनी मला कोपराने ढोसून विचारले, "कळ्ळें मगो तुका?" मला कळले नव्हते, पण त्यांनी ज्याच्याकडे बोट दाखवले तो कारभारी दुसऱ्या ओळीत बसून स्वतःही हसत होता, हे मात्र दिसले.

घुमट कोणी जपले याचे उत्तर इथे समोर होते. चर्चने एकेकाळी जागराकडे कठोर नजरेने पाहिले. गोव्यातल्या ख्रिस्ती गावडा समाजाचे जागर त्या नजरेखाली पुष्कळ ठिकाणी मागे पडले. जिथे ते टिकले, तिथे ते गावाने टिकवले, आणि गावात ख्रिस्ती होते म्हणून ख्रिस्त्यांनीही टिकवले. आजचे धर्मगुरू जेव्हा घुमट वेदीजवळ आणतात किंवा गावच्या फेस्ताला (संताच्या उत्सवाला) तियात्रासाठी (कोंकणी नाटकासाठी) अंगण मोकळे करून देतात, तेव्हा ते नवे काही निर्माण करत नसतात. लोकांनी आपल्या जबाबदारीवर सांभाळलेली ठेव ते वापरत असतात. धर्मसंस्थेच्या कलाविषयक उपक्रमांची स्तुती करताना हा हिशेब बहुधा राहून जातो, म्हणून तो इथे मांडला. जागर पहाटेपर्यंत चालला. मी त्याआधीच उठले, कारण थंडी वाढली होती आणि आंटींची शाल दोघींना पुरत नव्हती.

मंगळवार : पर्वरी

उशिरा उठून पर्वरीला गेले. तिथल्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांचा संग्रह आहे, आणि आधी कळवून ठेवल्यामुळे तो पाहता आला.

फोन्सेका १९०२ साली सांत इस्तेव्ह बेटावर जन्मले. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात ते शिकले आणि गोव्यात परतून त्यांनी मरियेला साडी नेसवली, कपाळावर कुंकू लावले, येशूला भारतीय बाळाचा चेहरा दिला. गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या ख्रिस्ती समाजाला ते रुचले नाही आणि त्यांना गोवा सोडावा लागला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात त्यांना जागा मिळाली. पुढचे आयुष्य त्यांनी पुण्यातच काढले आणि १९६७ साली ते तिथेच वारले. म्हणजे गोव्याने नाकारलेली ही मरिया महाराष्ट्रात रंगली.

जलरंगातली एक मरिया मी बराच वेळ पाहत उभी राहिले. पदर डोक्यावरून घेतलेला, पाय चौरंगावर, आणि बाळ मांडीवर आडवे धरलेले, अगदी घरातल्या बाळंतिणीने धरावे तसे. या चित्रात सौंदर्य आहे, विचार आहे, धैर्यही आहे. तरीही वसईच्या गोठ्याने जे काम केले ते या चित्राला त्या काळी करता आले नाही. त्याचा दोष चित्रकाराला देता येणार नाही. ज्यांच्यासाठी हे चित्र होते त्या धर्मग्रामातल्या लोकांचा हात त्याला लागलेला नव्हता, आणि ज्या शेजाऱ्यांच्या घरातून ही साडी आणि हे कुंकू आले होते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचण्याआधीच स्वकीयांनी दार लावले. एकट्या कलावंताने टाकलेले पाऊल समाजाच्या पचनी पडायला तीन-चार दशके जावी लागली; व्हॅटिकन परिषदेनंतरच्या काळात फोन्सेकांकडे सन्मानाने पाहिले जाऊ लागले, पण तोवर त्यांचे आयुष्य सरत आले होते.

बुधवार : जुने गोवे आणि रायतूर

वर्षाचा शेवटचा दिवस. सकाळी जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातले ख्रिस्ती कलासंग्रहालय पाहिले. ते १९९४ साली रायतूरच्या सेमिनारीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) सुरू झाले, २००२ साली इथे आले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२मध्ये पुन्हा खुले झाले. हस्तिदंती बाळ येशू, चांदीची पात्रे, लाकडी संत, असा ऐवज आहे. त्यातल्या कितीतरी वस्तू घडवताना स्थानिक कारागिरांनी आपल्या सवयीचे कमळ, आपल्या सवयीची वेल आणि आपल्या सवयीचा डोळा त्यांत सोडून दिला आहे. १५६७च्या प्रांतिक धर्मसभेने बिगरख्रिस्ती कारागिरांना ख्रिस्ती मूर्ती-चित्रे करण्याची मनाई केली होती. मनाई करावी लागली, याचाच अर्थ ते काम त्यांच्या हातून सर्रास होत होते. जवळच बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे, ती १६३६-३७च्या सुमारास गोव्याच्याच सोनारांनी घडवली.

दुपारी रायतूरला गेले. टेकडीवरची सेमिनारी, खाली जुवारीचे पात्र, आणि दोन्हींच्या मध्ये शांत शेते. इथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. हा इंग्रज जेझुइट (येशूसंघाचा धर्मगुरू) १५७९ साली गोव्यात आला आणि दक्षिण गोव्यातल्या साष्टीत रमला. त्याचे पुराण मराठीत आहे, ओवीत आहे, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे; देवनागरी खिळे नसल्यामुळे ते छापले मात्र रोमन लिपीत. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे, तो या प्रवासात मला सतत आठवत होता. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग आमच्यासाठी तशीच दुसरी का रचत नाही? मागणी लोकांकडून आली, छंद लोकांचा निवडला गेला, आणि म्हणूनच चर्चांमधून ते पुढे कितीतरी वर्षे वाचले, गायले गेले. १६८४ साली व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरी लोकांनी ओव्या हाताने उतरवून घेतल्या, आणि मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्या सोबत नेल्या.

सेमिनारीच्या आवारात जास्त वेळ थांबता आले नाही, कारण मडगावहून गाडी गाठायची होती. वाटेत मुलांनी रस्त्यावर दोरी आडवी धरून रिक्षा अडवली. कडेला खुर्चीवर जुन्या पँट-शर्टात गवत भरलेला, नारळाच्या डोक्याचा 'ओल्ड मॅन', म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, बसला होता. मध्यरात्री त्याला जाळायचे होते आणि त्याआधी फटाक्यांचे पैसे गोळा करायचे होते. ऑक्टोबरात, दिवाळीला, नरकासुराचा पुतळा बांधणारी टोळीही हीच असावी, असे त्यांच्या दोरीच्या गाठी पाहून वाटले. रिक्षावाल्याने दहा रुपये काढले. त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा नोट उलटसुलट करून म्हणाला की मागच्या रिक्षाने वीस दिले होते. मी उरलेले दहा दिल्यावर दोरी खाली गेली.